बारा मैलांच्या पलीकडचा आरोपी

नोव्हेंबर १९९९. गोव्याच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, एक मालवाहू जहाज निघालं होतं. अंगावर ‘मेगा रामा’ हे नाव रंगवलेलं, झेंडा बेलीझचा. खरं नाव ‘अलोंड्रा रेनबो’. मालकी जपानी, नोंदणी पनामाची, पोटात सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियमच्या लाद्या. इंडोनेशियातल्या बंदरातून निघाल्यावर चाच्यांनी ते बळकावलं होतं आणि त्यावरच्या सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं होतं. दहा दिवस तरंगत राहिल्यावर त्यांना थायलंडच्या मच्छीमारांनी वाचवलं. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने पाठलाग करून जहाज थांबवलं. त्यावरच्या १५ इंडोनेशियन चाच्यांना मुंबईत आणलं गेलं आणि यलो गेट पोलीस ठाण्याच्या हवाली केलं गेलं.

इथपर्यंतची कामगिरी जगाने वाखाणली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा सरकारी पक्षाच्या वाटेत पहिलाच धोंडा मोठा होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. आरोपी परके, जहाज परकं, मालक परका आणि जागा भारताच्या हद्दीबाहेरची. दरोड्याची कलमं आणि ब्रिटिश काळापासून चालत आलेली सागरी न्यायाधिकाराची जुनी तरतूद यांची मोट बांधून खटला चालवावा लागला. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने साऱ्यांना निर्दोष सोडलं.

त्यानंतरही कायदा आला नाही. २०११ च्या सुरुवातीच्या महिन्यांत नौदलाने आणि तटरक्षक दलाने शंभरावर सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले. त्यातल्या पंधरा जणांच्या एका खटल्याचा निकाल लागायला ऑगस्ट २०१७ उजाडला. शिक्षा सात वर्षांची झाली, आणि तोवर त्यातली सहाहून अधिक वर्षं कच्चे कैदी म्हणूनच सरली होती. संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. वर्षभरात त्याची गरज पडलीच. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘रुएन’ हे जहाज सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या हाती दिले. या वेळी पोलिसांकडे गुन्ह्याचं नाव होतं, व्याख्या होती, आणि नौदलाने पकडलेला चाचा कुठल्याही देशाचा असला तरी त्याच्यावर भारतात खटला चालेल असं लिहिलेलं कलम होतं.

‘अलोंड्रा रेनबो’पासून इथवर यायला २३ वर्षं लागली. तीच पोकळी आज दुसऱ्या गुन्ह्याच्या बाबतीत उघडी आहे. तो गुन्हा म्हणजे समुद्रातली अमली पदार्थांची वाहतूक.

गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवून पाहाव्यात. एप्रिल २०२१: ‘आयएनएस सुवर्णा’ने अरबी समुद्रात एका मासेमारी बोटीतून ३०० किलोहून अधिक अमली पदार्थ पकडून बोट कोचीला नेली. मे २०२३: नौदल आणि अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, यांनी मिळून सुमारे अडीच हजार किलो मेथॲम्फेटामाइन कोचीत उतरवलं. फेब्रुवारी २०२४: गुजरातच्या समुद्रात ‘धो’ प्रकारच्या एका लाकडी बोटीवर सुमारे ३,३०० किलो माल, बहुतांश चरस, आणि पाच परदेशी. नोव्हेंबर २०२४: पुन्हा गुजरातजवळ ७०० किलो मेथ आणि आठ इराणी नागरिक. त्याच महिन्यात अंदमानात, बॅरन बेटाजवळ, म्यानमारच्या बोटीवर साडेपाच ते सहा टन. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानुसार मेथची ‘व्यावसायिक मात्रा’ ५० ग्रॅमपासून सुरू होते आणि तिला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे, हे लक्षात घेतलं की या टनांचा अर्थ कळतो.

कारवाई करणाऱ्यांच्या हिमतीविषयी दुमत असण्याचं कारण नाही. प्रश्न बोट धक्क्याला लागल्यानंतरचा आहे.

एनडीपीएस कायद्याचं पहिलंच कलम उघडावं. हा कायदा भारतभर लागू आहे. २००१ च्या दुरुस्तीने त्याचा हात देशाबाहेर पोचवला, पण दोनच ठिकाणी: परदेशात असलेला भारतीय नागरिक आणि भारतात नोंदलेल्या जहाजावरची किंवा विमानावरची कुठलीही व्यक्ती. खुल्या समुद्रात, परदेशी बोटीवर असलेला परदेशी माणूस या दोन्हींत बसत नाही.

मग बोट नेमकी कुठे पकडली यावर सगळा खटला येऊन ठेपतो. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने समुद्राचे पट्टे आखून दिले आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. तिथे देशाची सत्ता जमिनीवर असते तशीच. २४ मैलांपर्यंतच्या संलग्न क्षेत्रात जकात, सुरक्षा, परदेशी लोकांचा प्रवेश असे मोजके अधिकार. २०० मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र हे नावाप्रमाणेच आर्थिक: मासे, तेल, खनिजं. त्यापुढचा समुद्र कुणाचाच नाही आणि तिथे ज्या देशाचा झेंडा त्याच देशाचा कायदा. आर्थिक क्षेत्रात आपले कायदे अधिसूचना काढून लागू करण्याचा अधिकार केंद्राला आहे. १९८१ मध्ये दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता तशा लागू केल्याही गेल्या. पण ही वाट २०० मैलांवर संपते, आणि मासे-तेलासाठी मिळालेल्या हक्कातून चरसाच्या बोटीवर किती अधिकार निघतो हा वाद तिच्यावरही उरतोच.

यात एक गुंता असा आहे की तो ऐकून सरकारी वकिलाची झोप उडावी. एनडीपीएसमध्ये अमली पदार्थ भारतात ‘आयात’ करणं हा मोठा गुन्हा आहे. आयात म्हणजे बाहेरून भारतात आणणं. आता बोट दोन-तीनशे मैलांवर पकडली आणि युद्धनौकेने ती कोचीत किंवा पोरबंदरला आणली, तर माल भारतात आणला कुणी? आरोपीच्या वकिलाने हा प्रश्न विचारला नाही तर तो आपलं काम करत नाही असंच म्हणावं लागेल. मग प्रयत्न आणि कट यांच्या कलमांकडे वळायचं. तिथे बोट भारताकडेच येत होती हे सिद्ध करावं लागतं. ती श्रीलंकेला किंवा मालदीवला निघाली होती असं आरोपीने सांगितलं तर ते खोडायला पुरावा कुठला? उपग्रह फोनच्या नोंदी, दिशादर्शक यंत्रातली टिंबं, पाकिटांवरच्या खुणा. कधी हे सगळं मिळतं, कधी पकडले जाण्याआधीच पाण्यात गेलेलं असतं.

संसदेचे हात बांधलेले आहेत, असं मात्र नाही. राज्यघटनेचं कलम २४५(२) सांगतं की संसदेचा कायदा देशाबाहेर परिणाम करतो एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. त्याला लगाम आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०११ मध्ये जीव्हीके इंडस्ट्रीज प्रकरणात घातलेला. देशाबाहेरच्या ज्या गोष्टीवर कायदा करायचा तिचा भारताच्या हिताशी, सुरक्षेशी किंवा इथल्या माणसांच्या भल्याशी खराखुरा संबंध हवा. संबंध नसेल तर अधिकार नाही. भारताकडे निघालेली बोट या कसोटीवर सहज उतरते. आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला जाणारी उतरेलच असं नाही. ही सीमारेषा न्यायालयाने दर खटल्यात नव्याने शोधत बसण्यापेक्षा संसदेने एकदा आखून द्यावी, एवढीच इथली मागणी आहे.

कायदा धूसर राहिला की काय होतं ते देशाने ‘एन्रिका लेक्सी’ प्रकरणात सोसलं आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून साडेवीस मैलांवर इटलीच्या तेलवाहू जहाजावरच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. खटला कोल्लममध्ये सुरू झाला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा अधिकार केरळचा नाही, केंद्राचा आहे. पुढची वर्षं कुठला कायदा, कुठलं न्यायालय, कुठली तपास यंत्रणा यातच गेली. शेवटी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने नौसैनिकांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण असल्याचा निवाडा दिला आणि २०२१ मध्ये दहा कोटींची भरपाई जमा झाल्यावर इथला खटला बंद झाला. दोन माणसं मेली आणि त्यांच्या मृत्यूचा पुरावा तपासून दोष ठरवणारा निकाल भारतातल्या कुठल्याही न्यायालयाने कधी दिला नाही.

उलट बाजूही तितकीच जाचक आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तमिळनाडूजवळ पकडलेल्या ‘सीमन गार्ड ओहायो’ या जहाजावरचे ३५ जण, त्यांत ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि भारतीयही, बेकायदा शस्त्रांच्या आरोपाखाली पाच वर्षांच्या शिक्षेला पात्र ठरले. २०१७ च्या नोव्हेंबरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडलं. गुन्हेगार सुटणं आणि निर्दोष माणूस तुरुंगात पडणं ही दोन्ही दुखणी एकाच पोकळीतून येतात.

वाशीमला समुद्र नाही. जिल्हा न्यायालयापासून मुंबईचा धक्का रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो म्हणून ते अंतर वेळेत कमी झालं आहे, एवढंच. इथल्या न्यायालयाची एनडीपीएसशी गाठ पडते ती बहुतेक गांजामुळे. वऱ्हाडात तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत लपवून लावलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. मग अरबी समुद्रातल्या बलुची किंवा इराणी खलाशाच्या हक्कांशी वाशीमच्या वाचकाला काय देणंघेणं?

देणंघेणं आहे, आणि ते वकिलांच्या खोलीत जाऊन विचारलं तर लगेच कळतं. गांजाच्या प्रकरणात जामिनाला कलम ३७ आडवं आलं किंवा मुद्देमालाचा पंचनामा संशयास्पद निघाला, तर बचावाचा वकील ज्या निकालांची पानं उघडतो त्यांतले काही परदेशी आरोपींच्या खटल्यांतले आहेत. २००८ चा नूर आगा निकाल अफगाण नागरिकाचा. १९९७ मध्ये अमृतसरच्या विमानतळावर हेरॉइनसह पकडलेल्या त्या माणसाला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कायदा आरोपीवर भार टाकत असला तरी मूळ गोष्टी आधी सरकारी पक्षाने सिद्ध करायच्या आहेत, आणि शिक्षा जितकी कडक तितका पुरावाही कडक हवा. जुलै २०२४ चा फ्रँक विटस निकाल नायजेरियन आरोपीचा. २०१४ मध्ये अटक, २०२२ मध्ये जामीन, आणि जामिनाला अट अशी की त्याने आपला ठावठिकाणा गूगलच्या नकाशावर टाकून ठेवावा. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयां यांनी ती अट रद्द केली, कारण जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांनी सतत डोकावणं राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये बसत नाही. आपल्या वकिलातीकडून हमीपत्र मिळवणं आरोपीच्या हातात नसेल तर तीही अट अडून बसणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. मोबाइलवर सतत नजर ठेवण्याची अट उद्या रिसोडच्या तरुणावर लादली गेली तर त्याच्या मदतीला हाच निकाल धावून येणार आहे.

घटनाकारांनी ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ हे शब्द जपून निवडले होते. भाषणाचं, संचाराचं, देशात कुठेही वास्तव्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ ‘नागरिकां’साठी आहे. कलम १४, २०, २१ आणि २२ मात्र ‘व्यक्ती’साठी आहेत. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, अटकेचं कारण सांगणं, पसंतीचा वकील करू देणं या कलम २२ मधल्या हमीतून घटनेने स्वतःच वगळला आहे तो फक्त शत्रुदेशाचा नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतला माणूस. परदेशी असणं हे अपवादाचं कारण म्हणून तिथे लिहिलेलं नाही.

समुद्रात या चोवीस तासांचं काय होतं? प्रवासाला लागणारा वेळ घटना मोजत नाही, हे खरं. पण बोटीला किनाऱ्यावर यायला तीन-चार दिवस लागतात तेव्हा त्या काळात माणूस कुणाच्या ताब्यात असतो, अटकेची वेळ कुठली धरायची, त्याला कळेल अशा भाषेत कारण कोण सांगतं, आणि दरम्यान त्याची चौकशी झाली तर तिची किंमत काय? तोफान सिंग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसच्या कलम ६७ खाली एनसीबीच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद ठरवला आहे. जहाजाच्या डेकवरचं बोलणं त्याहून वजनदार कसं ठरेल?

फ्रान्सला याच प्रश्नाने बेजार केलं होतं. जून २००२ मध्ये कंबोडियाचा झेंडा असलेलं ‘विनर’ हे जहाज फ्रेंच युद्धनौकेने अटलांटिकमध्ये अडवलं आणि तेरा दिवसांनी ब्रेस्टला आणलं. कंबोडियाने राजनैतिक पत्राने परवानगी दिली होती. तरीही २९ मार्च २०१० रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने दहा विरुद्ध सात मतांनी फ्रान्सला दोषी धरलं. तेरा दिवसांच्या विलंबाला भौगोलिक कारण होतं, ते न्यायालयाने मान्य केलं. मान्य झालं नाही ते एवढंच की खलाशांना डांबून ठेवण्याला आधी लिहिलेला, स्पष्ट, कुणालाही वाचून कळेल असा कायदा नव्हता.

अमेरिकेने १९८६ मध्येच असा कायदा केला, आणि फार रुंद केला. आपल्या देशाशी संबंध नसलेल्या बोटींवरही तो चालतो. त्यालाही त्यांच्या घटनेने काही ठिकाणी अडवलं. २०१२ मध्ये अटलांटाच्या अपील न्यायालयाने पनामाच्या प्रादेशिक समुद्रात पकडलेल्यांची शिक्षा रद्द केली, कारण अमली पदार्थांची वाहतूक हा चाचेगिरीसारखा साऱ्या राष्ट्रांच्या रूढ कायद्याविरुद्धचा गुन्हा नाही. तोच देश २ सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियन समुद्रात संशयित बोटी क्षेपणास्त्रांनी उडवू लागला. पहिल्याच हल्ल्यात ११ जण मारले गेल्याचं त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. ना पंचनामा, ना वकील, ना पुरावा. ज्या देशात ‘ड्रग्जवाल्यांना कसला कायदा’ हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतं तिथे या हल्ल्यांचं कौतुक होणं सोपं आहे. ते होता कामा नये.

महाराष्ट्राने याहून अवघड प्रसंगी वेगळी वाट धरली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ माणसं मारली. जिवंत सापडलेल्या एकाला सरकारी खर्चाने वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा निकालातल्या कुठल्याही ओळीवर जगाला बोट ठेवता आलं नाही. त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटलेही.

आणि हा मामला दुहेरी आहे. पाकिस्तानने कुलभूषण जाधव यांना वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही म्हणून भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. बाजू मांडली नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल भारताच्या बाजूने लागला. एका मराठी माणसासाठी देशाने जो हक्क हेगमध्ये मागितला, तोच हक्क पोरबंदरच्या कोठडीतल्या इराणी खलाशाचा आहे. जगभरच्या व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने आहेत. २०२२ मध्ये ‘हिरोइक इदुन’ या तेलवाहू जहाजावरचे १६ भारतीय आधी इक्वेटोरियल गिनीत आणि मग नायजेरियात अडकले. ते सुटले मे २०२३ मध्ये. त्या नऊ महिन्यांत त्यांच्या घरच्यांनी जे मागितलं ते एवढंच होतं: कुठल्या कायद्याने धरलं ते सांगा, आणि खटला चालवायचा तर लवकर चालवा.

करायचं काय, हे फार अवघड नाही. एनडीपीएसच्या कलम १(२) मध्ये तिसरं उपकलम हवं: खुल्या समुद्रातली झेंडा नसलेली बोट, किंवा जिच्या देशाने संमती दिली आहे अशी बोट, आणि तिचा माल भारताकडे येत असल्याचा पुरावा. संमती मागण्याची रीत १९८८ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १७ मध्ये दिलेली आहे. भारत १९९० पासून त्या कराराचा सदस्य आहे. ती रीत देशी कायद्यात उतरवावी आणि संमतीपत्र खटल्याच्या कागदांत जोडणं सक्तीचं करावं. झेंडा नसलेल्या बोटीवर चढून तपासणी करायला सागरी कायदा परवानगी देतो, पण चढण्याची परवानगी म्हणजे शिक्षेचा अधिकार नव्हे, म्हणून ही तरतूद स्पष्ट शब्दांत हवी. युद्धनौकेवरूनच दृकश्राव्य माध्यमातून दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची सोय करावी. बलुची, फारसी, सिंहली, बर्मी जाणणाऱ्या दुभाष्यांची यादी किनारी जिल्ह्यांच्या विशेष न्यायालयांकडे असावी. आणि अशा खटल्यांना मुदत घालावी, कारण सहा वर्षं कच्चा कैदी म्हणून काढल्यावर सात वर्षांची शिक्षा सुनावण्यात न्याय उरत नाही.

चाचेगिरीचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये मांडलं गेलं, संसदीय समितीकडे गेलं, बदललं आणि तीन वर्षांनी मंजूर झालं. इथे गरज आहे ती एका उपकलमाची आणि पाच-सहा नियमांची. वाशीम जिल्हा यवतमाळ-वाशीम आणि अकोला अशा दोन लोकसभा मतदारसंघांत वाटलेला आहे. या दोन्ही खासदारांपैकी कुणीही हा विषय मांडला तर ‘तुमच्याकडे समुद्र कुठे आहे’ असं कुणी म्हणणार नाही, कारण एनडीपीएसचं विशेष न्यायालय त्यांच्याही जिल्ह्यात बसतं. पावसाळा ओसरला की अरबी समुद्रात धो पुन्हा फिरू लागतात, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत संसदेचं हिवाळी अधिवेशन भरतं.